मृतांची घरे : चीनमधील दफनकला आणि परलोककल्पना

हान राजवंशाच्या काळातील (इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) एखाद्या सुस्थितीतील चिनी गृहस्थाचे थडगे उघडले, तर त्यात पुष्कळदा मातीची एक लहानशी चूल आढळते. तिच्यावर मातीचेच भांडे चढविलेले असते आणि पृष्ठभागावर मासे, पळ्या, सुऱ्या यांच्या आकृती उठावात काढलेल्या असतात. शेजारी विहीर असते, धान्याचे कोठार असते, जाते असते, कोंबड्या आणि कुत्रा असतो. सारे काही एखाद्या लहान मुलाच्या खेळातल्यासारखे छोट्या आकाराचे. या चुलीत विस्तव कधी पेटलेला नाही. आणि तो पेटावा अशी ती घडविणाऱ्या कुंभाराची अपेक्षाही नव्हती.

मग ती तेथे कशासाठी ठेवली गेली? परलोकातील उपयोगासाठी, एवढे उत्तर पुरे पडत नाही. कारण त्याच देशात एक काळ असा होता की, मृतासोबत खरी भांडी, खरे घोडे आणि खरी माणसेही पुरली जात. खऱ्या माणसापासून मातीच्या चुलीपर्यंत आणि तेथून कागदाच्या घरापर्यंत झालेला हा प्रवास म्हणजेच चिनी दफनकलेच्या इतिहासाचा मुख्य धागा होय. जिवंतांवर मृतांचे ऋण किती, आणि ते फेडताना जिवंतांनी कितपत झीज सोसावी, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. पितृऋणाची कल्पना परिचित असलेल्या भारतीय वाचकाला तो परका वाटू नये.

आत्म्याच्या दोन वाटा

प्राचीन चिनी ग्रंथांत मनुष्याच्या ठायी दोन प्रकारचे आत्मे मानलेले दिसतात. ‘हुन’ हा हलका, तेजाशी आणि आकाशाशी नाते असलेला. मृत्यूनंतर तो वर निघून जातो. ‘फो’ हा जड, देहाशी निगडित. तो देहासोबत भूमीत राहतो. हा भेद सर्व काळी आणि सर्व प्रदेशांत सारख्याच काटेकोरपणे पाळला जात होता असे मात्र समजू नये. विद्वानांच्या लिखाणात तो स्पष्ट दिसतो. सामान्यांच्या व्यवहारात दोहोंची सरमिसळ होत असे.

मृत्यू घडल्यावर पहिला विधी शोकाचा नसून आशेचा होता. कोणी एक जण मृताचे वस्त्र घेऊन घराच्या छपरावर चढे, उत्तरेकडे तोंड करी आणि मृताला तीन वेळा हाक मारून परत बोलावी. ते वस्त्र मग खाली आणून देहावर पांघरले जाई. एवढे करूनही श्वास परतला नाही, म्हणजेच पुढील संस्कारांना प्रारंभ होई.

यानंतर मृताला दोन स्थाने लाभत. कुलमंदिरात त्याला पितर म्हणून नैवेद्य मिळे. थडग्यात त्याच्या देहाला निवारा मिळे. नीट दफन झालेला आणि वेळोवेळी अन्न मिळणारा पितर कुळाचे कल्याण करतो, तर उपेक्षित मृतात्मा भुकेने भटकतो आणि जिवंतांना पीडा देतो, अशी श्रद्धा होती. म्हणूनच थडग्याच्या रचनेत प्रेम आणि भय या दोन्ही भावना एकत्र आढळतात. थडगे हे मृताचे घर होते. त्याने तेथे सुखाने राहावे आणि तेथेच राहावे, अशी दुहेरी इच्छा त्यामागे होती.

रक्ताने दिलेली किंमत

हूनान प्रांताच्या उत्तरेस बऱ्याच अंतरावर, हनान प्रांतात, आन्यांग येथे शांग राजवंशाची अखेरची राजधानी होती. तेथे १९२८ साली उत्खननास आरंभ झाला आणि पुढील दशकात राजघराण्याची प्रचंड थडगी उजेडात आली. त्यांच्या आत आणि आसपास बळी दिलेल्या माणसांचे सांगाडे शेकडोंच्या संख्येने मिळाले. त्यांपैकी अनेकांची मस्तके धडावेगळी केलेली होती. मोठी थडगी चोरांनी पूर्वीच लुटलेली होती. परंतु १९७६ साली याच परिसरात एक थडगे अक्षत सापडले. ते राजा वू डिंग याची राणी फू हाओ हिचे होते आणि त्याचा काळ सुमारे इ. स. पू. १२०० हा होता. अस्थींवर कोरलेल्या भविष्यकथनांच्या नोंदींवरून तिने सैन्याचे नेतृत्व केल्याचे कळते. तिच्यासोबत ४६८ कांस्य वस्तू, जेडच्या ७५५ वस्तू, जवळजवळ सात हजार कवड्या, सहा कुत्रे आणि १६ माणसे पुरलेली होती.

ही प्रथा शांग राजवंशाबरोबर संपली नाही. पश्चिमेकडील छिन राज्याचा अधिपती मू हा इ. स. पू. ६२१ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याच्यासोबत १७७ जण मृत्यूला सामोरे गेले, अशी इतिहासात नोंद आहे. त्यांत राज्यातील तीन गुणवान बंधू होते. त्यांच्यासाठी लोकांनी केलेला शोक चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात जतन झाला आहे. छिन राज्यात ही प्रथा इ. स. पू. ३८४ मध्ये आज्ञेने बंद करण्यात आली.

हूबेई प्रांतातील स्वीजौ येथे १९७८ साली उत्खनन झालेले यी नावाच्या अधिपतीचे थडगे या संक्रमणकाळाचे उत्तम उदाहरण आहे. तो त्संग या लहानशा राज्याचा स्वामी असून त्याचा मृत्यू इ. स. पू. ४३३ च्या सुमारास झाला. त्याच्या थडग्यात लाकडी भिंतींची चार दालने आहेत. मधल्या दालनात ६५ कांस्य घंटांचा संच लाकडी चौकटीला टांगलेला होता. त्या घंटा आजही सुरात वाजतात. दालनांमधील भिंतींना लहान झरोके ठेवलेले आहेत आणि आतील शवपेटीवर दारे व खिडक्या रंगविलेल्या आहेत. मृताने आपल्या महालात संचार करावा, एका दालनातून दुसऱ्या दालनात जावे, हा त्यामागील हेतू उघड दिसतो. पण या महालात त्याच्या सोबतीला २१ तरुण स्त्रियाही पुरलेल्या होत्या.

वापरता न येणाऱ्या वस्तू

अधिपती यी याच्या दफनापूर्वी सुमारे अर्धशतक, इ. स. पू. ४७९ मध्ये, कन्फ्यूशियसचे निधन झाले होते. विधिविषयक ग्रंथात त्याच्या नावे जो विचार सांगितला आहे, तो या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली आहे. मृताला पूर्णपणे मृत मानून वागावे, तर त्यात माया उरत नाही. त्याला पूर्णपणे जिवंत मानून वागावे, तर त्यात शहाणपण उरत नाही. म्हणून मृतासाठी ठेवायच्या वस्तू दिसायला वस्तूच असाव्यात, परंतु उपयोगाच्या नसाव्यात. वाद्याला तारा असाव्यात, पण त्या सुरात लावलेल्या नसाव्यात. घंटा असाव्यात, पण त्या टांगण्याची चौकट नसावी. अशा वस्तूंना ‘मिंगछी’, म्हणजे तेजोमय वस्तू, असे नाव होते.

या विचारातील सूक्ष्मता लक्षात घेण्याजोगी आहे. मृताला आपण विसरलो नाही हे वस्तू ठेवल्याने व्यक्त होते. तो परत येणार नाही हे आपण जाणतो, हे ती वस्तू निरुपयोगी ठेवल्याने व्यक्त होते. न पेटणाऱ्या चुलीचा अर्थ येथे उलगडतो. शिवाय खरी वस्तू पुरली की खऱ्या माणसाची पाळी येण्यास वेळ लागत नाही, अशी भीतीही या उपदेशात व्यक्त झाली आहे. हुबेहूब माणसासारख्या दिसणाऱ्या बाहुल्या पुरण्यालाही कन्फ्यूशियसचा विरोध होता, असे पुढे मेन्शियसने नमूद केले.

दुसरा विरोध अधिक रोखठोक होता. इ. स. पू. पाचव्या शतकातील मो-त्झू या विचारवंताने थाटाच्या दफनविधीचा हिशेबच मांडला. संपत्ती जमिनीत गाडली जाते, तीन वर्षांच्या सुतकाने शेती आणि कारभार बंद पडतो, माणसे दुबळी होतात, संतती घटते. मग या आचारातून लाभ कोणाचा होतो, असा त्याचा सवाल होता.

मातीचे सैन्य

इ. स. पू. २२१ मध्ये छिन राज्याच्या अधिपतीने सारा चीन एकछत्राखाली आणला आणि तो पहिला सम्राट, छिन शि ह्वांग, म्हणून प्रसिद्ध झाला. आजच्या शीआन नगराजवळ लिशान पर्वताच्या पायथ्याशी त्याने आपले थडगे बांधविले. मार्च १९७४ मध्ये तेथील काही शेतकरी विहीर खणत असताना त्यांना भाजलेल्या मातीच्या मूर्तींचे तुकडे मिळाले. त्यातून पुढे जे उघडकीस आले, ते सर्वश्रुत आहे. पुरुषभर उंचीचे सैनिक, घोडे आणि रथ यांची रचलेली ही सेना सुमारे आठ हजार मूर्तींची असावी, असा अंदाज आहे. देहाचे भाग वेगवेगळे तयार करून जोडले जात. चेहरे साच्यातून काढून मग हातांनी असे घडविले जात की, एक चेहरा दुसऱ्यासारखा भासू नये. मूळच्या भडक रंगांपैकी फारच थोडा अंश आता उरला आहे.

माणसांच्या जागी मूर्ती आल्या, हा फरक लहान नव्हे. परंतु ही बदली अपुरी होती. मूर्तींच्या हातांतील कांस्य शस्त्रे खरी होती. सम्राटाच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी सीमा छ्येन या इतिहासकाराने लिहिलेल्या वृत्तांतानुसार या कामावर सात लक्ष माणसे राबली. इ. स. पू. २१० मध्ये सम्राटाचे दफन झाले, तेव्हा अपत्य नसलेल्या त्याच्या स्त्रियांना त्याच्यामागे मरण पत्करावे लागले. आणि यंत्रांचे रहस्य फुटू नये म्हणून कारागिरांना आतच कोंडण्यात आले. परिसरात मजुरांची साधी थडगी सापडली आहेत; काहींत मृताचे नाव व गाव कोरलेला कौलाचा तुकडा तेवढा ठेवलेला होता. त्यांच्यासाठी कोणी चूलही घडविली नव्हती.

सीमा छ्येनने थडग्याच्या गाभ्याचेही वर्णन केले आहे. छतावर आकाशातील नक्षत्रे, खाली भूमीचा नकाशा आणि त्यात पाऱ्याच्या वाहत्या नद्या. तो गाभा अद्याप उघडलेला नाही. मात्र वरील मातीच्या परीक्षणात पाऱ्याचे प्रमाण असाधारण आढळले आहे.

एका स्त्रीचे थडगे

हान काळातील परलोककल्पनेचे सर्वांत सविस्तर दर्शन हूनान प्रांतातील छांगशाजवळच्या मावांगद्वी येथे घडते. १९७२ साली तेथे शिन झुई या स्त्रीचे थडगे उघडण्यात आले. ती छांगशा राज्याचा मंत्री ली छांग याची पत्नी असून इ. स. पू. १६८ नंतर लवकरच, सुमारे पन्नास वर्षांची असताना वारली. एकात एक अशा चार शवपेट्या, भोवती कोळशाचा थर आणि त्याबाहेर पांढऱ्या चिकणमातीचा जाड थर, यांमुळे हवा आणि पाणी आत शिरू शकले नाही. वस्त्रांच्या वीस थरांत गुंडाळलेला तिचा देह दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही मऊ होता आणि सांधे वाकविता येत होते. वैद्यकीय तपासणीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार आणि पित्ताशयातील खडे आढळले. अन्नमार्गात खरबुजाच्या शंभरावर बिया होत्या. मृत्यूपूर्वी थोड्याच वेळात तिने ते फळ खाल्ले होते.

तिच्यासोबत कोणीही माणूस पुरलेला नव्हता. त्याऐवजी १६२ लाकडी बाहुल्या होत्या : दासी, वादक, नर्तकी. लाखकामाची भांडी, खाद्यपदार्थांच्या करंड्या आणि केवळ ४९ ग्रॅम वजनाचा एक रेशमी झगाही होता. ३१२ बांबूच्या पट्ट्यांवर सर्व वस्तूंची यादी लिहून ठेवलेली होती.

सर्वांत आतील पेटीवर दोन मीटरहून थोडे अधिक लांबीचा, वरच्या बाजूस रुंद असलेला चित्रित रेशमी पट पसरलेला होता. वरच्या भागात कावळा असलेला सूर्य, बेडूक आणि ससा असलेला चंद्र आणि स्वर्गाच्या दाराशी दोन द्वारपाल आहेत. मध्यभागी काठीवर रेललेली, किंचित वाकलेली वृद्धा आहे; ती शिन झुईच असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिच्या खाली मांडलेली भांडी आणि नैवेद्य आहे, आणि सर्वांत तळाशी भूमी तोलून धरणारा बुटका पुरुष. आकाश, मृत स्त्री आणि पाताळ यांना दोन नाग एका वर्तुळातून गुंफून जोडतात. ती स्वर्गात जावी असे चित्र सांगते. ती येथेच सुखाने राहावी असे करंड्या सांगतात. या दोन इच्छांत विसंगती आहे, याची दफन करणाऱ्यांना चिंता वाटलेली दिसत नाही.

शेजारच्या तिसऱ्या क्रमांकाच्या थडग्यात, जे तिच्या मुलाचे मानले जाते, इ. स. पू. १६८ ची तिथी असलेली एक लाकडी पट्टी मिळाली. कुटुंबाच्या कारभाऱ्याने ती पाताळातील भांडार-अधिकाऱ्यास उद्देशून लिहिली आहे : सोबतच्या वस्तूंची यादी पाठविली असून ती आपल्या वरिष्ठांसमोर सादर व्हावी. म्हणजे परलोकही कचेऱ्या, नोंदवह्या आणि अधिकारी यांनी चालत होता.

सोने, जेड आणि चोर

जेडच्या अंगी कुजणे थांबविण्याची शक्ती आहे, असा समज होता. हबेई प्रांतातील मानछंग येथे १९६८ साली सापडलेला राजपुत्र लियू शेंग (मृत्यू इ. स. पू. ११३) याचा पेहराव जेडच्या २,४९८ तुकड्यांचा असून ते सुमारे ११०० ग्रॅम सोन्याच्या तारेने विणलेले आहेत. आतील देहाची मात्र माती झाली होती. जे कार्य कोळसा आणि चिकणमाती यांनी मावांगद्वी येथे केले, ते येथे जेडला साधले नाही.

उलट अशा संपत्तीमुळे मृतांचीच विटंबना झाली. हान सत्ता कोसळली, तेव्हा थडगी सर्रास लुटली गेली. इ. स. २२२ मध्ये वेई राज्याचा सम्राट त्साओ फी याने आपल्या दफनाविषयी लेखी आज्ञा दिली. त्यात त्याने स्पष्टच म्हटले की, कोणतेही राज्य चिरकाल टिकत नाही आणि कोणतेही थडगे अभंग राहत नाही. चोर सोन्याच्या तारांसाठी जेडच्या पेहरावांसह अस्थीही जाळतात. म्हणून आपल्या थडग्यात सोने, चांदी वा जेड ठेवू नये.

साधेपणाचा आग्रह त्याआधीही धरला गेला होता. हान सम्राट वन (मृत्यू इ. स. पू. १५७) याने आपल्या थडग्यात केवळ मातीची भांडी ठेवावीत, अशी आज्ञा दिली होती. त्याचा पुत्र सम्राट जिंग (मृत्यू इ. स. पू. १४१) याच्या थडग्याजवळ माणसाच्या एकतृतीयांश उंचीच्या हजारो मूर्ती आणि मातीच्या गाई, डुकरे, मेंढ्या यांचे कळप मिळाले आहेत. मूर्तींचे लाकडी हात आणि रेशमी वस्त्रे कुजून गेली आहेत. छिनच्या सैन्याशी तुलना करता हा खर्चाचा संकोच डोळ्यांत भरतो.

सामान्य घरांत मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. हान काळात मातृपितृभक्तीची ख्याती असलेल्यांना सरकारी पद मिळू शके. त्यामुळे थाटाचे दफन हे प्रतिष्ठेचे साधन बनले. आईबाप जिवंत असताना त्यांच्या पोषणात हात आखडायचा आणि मेल्यावर मात्र वैभव दाखवायचे, या ढोंगावर दुसऱ्या शतकातील वांग फू या लेखकाने कडक टीका केली आहे. मातीची चूल ही या परिस्थितीतून निघालेली वाट होती. ती स्वस्त होती, चोराच्या उपयोगाची नव्हती आणि तरीही घर पूर्ण करीत होती.

याच काळातील काही थडग्यांत लाल अक्षरांत मजकूर लिहिलेले घडे आढळतात. जिवंत आणि मृत यांचे मार्ग भिन्न आहेत, मृताने घरच्यांना त्रास देऊ नये, असे त्यांत बजावलेले असते. काही घड्यांत शिशाची छोटी माणसे असतात. परलोकात मृताच्या वाट्याला येणारी वेठबिगार त्यांनी करावयाची. राजाबरोबर मरणारा दास आणि गरिबाऐवजी वेठ करणारे शिशाचे बाहुले यांत हजार वर्षांचे अंतर आहे.

यमराजाचे दहा दरबार

इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून बौद्ध धर्म चीनमध्ये पसरू लागला आणि परलोकाच्या नकाशात मोठी भर पडली. कर्म, पुनर्जन्म आणि नरक या कल्पना भारतातून तेथे गेल्या. आपला यम तेथे ‘येनलुओ’ झाला. पण चिनी भूमीवर तो एकटा राहिला नाही. थांग काळाच्या उत्तरार्धात दहा न्यायाधीश-राजांची कल्पना रूढ झाली आणि यमाला त्यांत पाचवे स्थान मिळाले. दुनहुआंग येथील दहाव्या शतकाच्या सुमाराच्या सचित्र गुंडाळ्यांत हे राजे चिनी अधिकाऱ्यांच्या वेषात मेजामागे बसलेले दिसतात. समोर मृतात्मे आरोपीप्रमाणे उभे असतात. मावांगद्वीची कचेरी आणि भारतीय यमलोक यांचा हा संगम होता. दर सातव्या दिवशी एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जाणाऱ्या मृतासाठी घरच्यांनी पुण्यकर्म करावे, असे सांगितले जाई. मृताला आता वस्तूंबरोबर पुण्याचीही गरज भासू लागली.

थांग काळातच (इ. स. ६१८ ते ९०७) त्रिरंगी झिलईच्या मृण्मूर्तींची कला शिखरास पोहोचली. ओझ्याने लादलेले उंट, उमदे घोडे, मध्य आशियातील दाढीवाले व्यापारी आणि राक्षसाला पायाखाली तुडविणारे द्वारपाल ही त्यांची प्रसिद्ध रूपे होत. अंत्ययात्रेत या मूर्ती मिरविल्या जात आणि चढाओढ वाढे. शासनाने अखेर मर्यादा घातली : वरच्या तीन श्रेणींतील अधिकाऱ्यांना ९०, पाचव्या श्रेणीपर्यंत ६० आणि नवव्या श्रेणीपर्यंत ४० वस्तू.

कागद आणि अग्नी

थांग काळापासूनच आणखी हलकी वस्तू प्रचारात आली. ती म्हणजे कागद. मृतांसाठी कागदी नाणी जाळली जाऊ लागली. सुंग काळात कागदाची माणसे, घोडे आणि घरेही आली. माती थडग्यातच राहते. कागद जळून धूर होतो आणि अदृश्य जगात पोहोचतो, अशी श्रद्धा होती. त्यामुळे दफनाच्या दिवशी एकदाच काय ते द्यावे, हे बंधन राहिले नाही. दर वर्षी वसंतातील छिंगमिंग सणाला आणि सातव्या महिन्यातील मृतात्म्यांच्या उत्सवाला नव्याने देता येऊ लागले.

ही वाटचाल सरळ रेषेत झाली असे मात्र नाही. चौदाव्या शतकात मिंग राजवंशाच्या आरंभी सम्राटाबरोबर त्याच्या उपस्त्रियांना मरण देण्याची प्रथा पुन्हा डोके वर काढून बसली. कन्फ्यूशियसचे ग्रंथ त्या वेळी प्रत्येक अधिकाऱ्याला मुखोद्गत होते. तरीही ती चालली. सम्राट यिंगत्सुंग याने १४६४ मध्ये मृत्युशय्येवरून दिलेल्या आज्ञेने ती बंद झाली.

आज हाँगकाँग, सिंगापूर वा मलेशियातील दुकानांत मृतांसाठी कागदाच्या मोटारी, दूरध्वनी आणि शिवणयंत्रेही मिळतात. चीनमध्ये २००८ पासून छिंगमिंग ही सार्वजनिक सुटी आहे. आग आणि धूर टाळण्यासाठी कागदाऐवजी फुले वाहण्यास तेथे उत्तेजन दिले जाते. कागदाच्या मोटारीत कोणी बसत नाही, हे ती जाळणाऱ्यास ठाऊक असते. मातीच्या चुलीवर अन्न शिजत नाही, हे कुंभारासही ठाऊक होते. मृतासाठी काहीतरी करावे ही ओढ कधीच नाहीशी झाली नाही. तिच्यापायी आणखी कोणाचा जीव जाऊ नये आणि मागे राहिलेल्यांच्या घरातील खरी चूल विझू नये, हे शिकण्यास मात्र पुष्कळ शतके लागली.